‘रिमोट चालत नाही, पंखा मधेच थांबतो’ : आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. उन्हाळ्यात आमच्याकडून घेतलेला रिमोटचा पंखा काही महिने छान चालला. थंडी पडू लागली तसा तो रिमोटला दाद देईना, रात्री मधेच थांबून ‘बीप’ वाजवून आपोआप पुन्हा सुरू व्हायला लागला. फोन केला तर आम्ही रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघायला सांगून वेळ काढला. आपल्या वायरमनने ‘कार्ड गेलंय’ म्हणून ते, म्हणजे पंख्यातलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, काढलं, दुकानात पाठवलं, आणि आम्ही वॉरंटीत बदलून न देता तसंच परत केलं. ही आपली तक्रार. घरात वयस्कर आई आहेत आणि त्यांची झोप रोज मोडतेय, हेही आपण लिहिलंय. मला सगळ्यात जास्त तेच लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कार्डाबद्दल. ते आम्ही दुकानातल्या त्याच मॉडेलच्या मोटरला जोडलं आणि थेट सप्लाय दिला. आपल्याच रिमोटने सगळे स्पीड मिळाले, टायमर लागला, पंखा बराच वेळ चालू ठेवला तरी एकदाही थांबला नाही. कार्डावरचा वीज साठवणारा कंडेन्सर फुगलेला नाही, फ्यूज शाबूत आहे, जळाल्याचा काळा डाग कुठेही नाही. कार्ड घेऊन आलेल्या गृहस्थांना आम्ही हे चालवून दाखवलं होतं, पण आपल्यापर्यंत ते नीट पोचलेलं दिसत नाही. वॉरंटी आम्ही नाकारलेली नाही, ती जशीच्या तशी आहे. चांगलं कार्ड काढून दुसरं चांगलं कार्ड बसवलं असतं तर त्याच रात्री पंखा पुन्हा थांबला असता, आणि आपला आमच्यावरचा राग दुप्पट झाला असता.

कॅमेऱ्याची गोष्ट वेळ काढण्यासाठी सांगितलेली नव्हती. आपल्या रिमोटच्या टोकाला इन्फ्रारेड दिवा आहे. बटण दाबलं की तो सेकंदाला साधारण 38 हजार वेळा लुकलुकतो, पण तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याला बहुतेक वेळा दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर पुढच्या, सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघायचं. बटण दाबताना फिकट जांभळट ठिपका चमकतो. आपण तो पाहिलात आणि ‘चमकतोय’ असं सांगितलंत. त्या एका वाक्याने सेल संपलेत की काय, रिमोट पडून खराब झालाय की काय, या शंका बऱ्याच अंशी मिटल्या. पंखा न उघडता, स्टुलावर न चढता एवढं कळतं, म्हणून फोनवर पहिलं तेच विचारतो.

मग उरतो काय? आपणच लिहिलेली खूण: पंखा बीप करून आपोआप सुरू होतो. या पंख्यात बीप वीज आल्यावर वाजते. म्हणजे बटण चालू असूनही पंख्याची वीज क्षणभर तुटते आणि परत येते. रिमोटचा सिग्नल ऐकणारा भाग त्याच कार्डावर आहे. वीज गचकली की कार्ड पहिल्यापासून सुरू होतं, आणि त्या वेळात दाबलेलं बटण वाया जातं. आपल्याला वाटतं रिमोट बंद पडला, पण तेव्हा ऐकणारंच जागेवर नसतं.

ही वीज तुटते कुठे? माझा संशय भिंतीतल्या जुन्या रेग्युलेटरवर आहे. पंखा बसवताना आमच्या माणसाने रेग्युलेटर काढून थेट जोडणी करायला सांगितलं होतं, बसवल्याच्या कागदावर तशी नोंद आहे. आपण बोर्डाची प्लेट उघडी दिसू नये म्हणून तो ठेवला आणि ‘कायम फुलवर असतो’ असं फोनवर म्हणालात. जुन्या पंख्याला ते चाललं असतं. हा पंखा बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालणाऱ्या कमी विजेच्या मोटरचा आहे, त्याचा स्पीड आतलं कार्ड ठरवतं, त्याला भिंतीवरून पूर्ण आणि अखंड वीज लागते. गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर फुलवर असला तरी वीज त्याच्या आतल्या ट्रायॅकमधूनच, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधूनच जाते. ट्रायॅक चालू राहायला त्यातून ठरावीक प्रवाह सतत वाहावा लागतो. जुना पंखा 70-80 वॅट घ्यायचा, तेव्हा हा प्रश्नच येत नसे. हा पंखा फुल स्पीडला तीसेक वॅट घेतो आणि पहिल्या स्पीडला अवघे पाच-सहा. एवढ्या कमी लोडवर ट्रायॅक मधेमधे सुटतो, म्हणजे बंद पडतो.

उन्हाळाभर पंखा चालला आणि थंडीत बिघडला, याचा उलगडाही इथेच होतो. उन्हाळ्यात तो फुल स्पीडला होता. हवा गार झाली तसा आपण रात्री स्पीड एकवर आणला आणि नेमकं तेव्हाच थांबणं सुरू झालं. याची खात्री घरबसल्या करता येईल. कार्ड परत बसवल्यावर एक रात्र पंखा वरच्या स्पीडला ठेवून बघा. तो थांबला नाही आणि एकवर आणताच पुन्हा बीप वाजू लागली, तर दोष भिंतीत आहे.

एक कळकळीची विनंती. ‘कार्ड बाजूला ठेवून मोटर डायरेक्ट करून बघू’ असं वायरमन म्हणाल्याचं आपण लिहिलंय. ते अजिबात करू देऊ नका. साध्या पंख्यात अशी चाचणी चालते, पण या मोटरच्या तीन वायरी कार्डाकडूनच चालवायच्या असतात. त्यांना थेट घरची वीज दिली तर वाइंडिंग जळू शकतं, आणि ते नुकसान वॉरंटीत बसत नाही. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून पंख्याचा कप उघडू नये. कधी कधी जोडणी उलटी असते आणि बटण बंद असूनही वायरीत वीज राहते. मेन एमसीबी, म्हणजे मीटरजवळचा मुख्य स्विच, खाली करायचा, मगच हात लावायचा.

इतर कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडं. रिमोट कॅमेऱ्यात चमकला नाही तर दोन्ही सेल एकदम बदला, एक नवा एक जुना ठेवू नका. सेलच्या जागी पांढरी पूड साचली असेल तर ती सेल गळल्याची खूण, पत्र्या साफ केल्याशिवाय नवे सेलही उपयोगी पडत नाहीत. काही पंख्यांचे रिमोट रेडिओ लहरींवर चालतात. ते कॅमेऱ्यात चमकणारच नाहीत, तेव्हा घाईने ते खराब ठरवू नका. त्यांना बऱ्याचदा पुन्हा जोडून घ्यावं लागतं, ते पुस्तिकेत बघून करा. पंखा रोज ठरावीक तासांनी बंद होत असेल तर आधी टायमर तपासा. अशा तक्रारीत मला पंखा उघडावासाच वाटत नाही, कारण टायमरचं बटण चुकून दाबलं गेलेलं असण्याचीच शक्यता जास्त. कुठलंच बटण चालत नसेल तर एकदा भिंतीवरून वीज बंद करून पाचेक मिनिटं थांबा आणि मग चालू करा. कार्डातला कंडेन्सर रिकामा व्हायला तेवढा वेळ द्यावा लागतो, लगेच बंद-चालू केल्याने तो होत नाही.

आता आपल्यासाठी. आमचा माणूस कार्ड परत बसवून देईल, रेग्युलेटर काढून थेट जोडणी करेल आणि उघडी राहणारी जागा कोऱ्या प्लेटने झाकेल, म्हणजे बोर्ड वाईट दिसणार नाही. याचा कसलाही आकार नाही. काम झाल्यावर तो निघून येणार नाही. पंखा सगळ्यात कमी स्पीडला लावून आपल्यासमोर बसेल. तेव्हाही पंखा थांबला तर रेग्युलेटरबद्दलचा माझा अंदाज बाजूला ठेवून तेच कार्ड मी कंपनीकडे वॉरंटीत पाठवेन आणि ते येईपर्यंत आईंच्या खोलीत दुकानातला पंखा लावून देईन.

आपला नंबर बिलावर आहे, उद्या सकाळी दुकानातून फोन येईल. त्यांच्या झोपण्याच्या वेळा सोडून जी वेळ सोयीची असेल ती सांगा. रिमोटमधले सेल तोवर काढू नका, आहेत त्याच सेलवर तपासायचं आहे.