काका, जंगली म्हणजे जीएम नव्हे!

काका, तुमची कमेंट वाचली. आपल्या सोयाबीनमध्ये जंगली सोयाबीनचे जीन आणणं म्हणजे मागच्या दाराने जीएमच (लॅबमध्ये बाहेरचा जीन घुसवलेलं बी), त्यात माळव्याचं देशी बी बुडणार आणि पेटंट घेऊन कंपन्यांचं फावणार, असं तुमचं म्हणणं. मला नाही पटत, आणि थोडं लांबण लावूनच सांगतो.

आपल्या इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूरकडे शेतात दिसतं ते पिवळं सोयाबीन देशी आहेच कुठे? जुनं म्हणाल तर ते काळं, कालीतूर, ते होतं थोडंफार, पण हे पिवळं साठच्या दशकात जबलपूर-पंतनगरला अमेरिकन वाणांच्या चाचण्या झाल्या तिथून पसरलं, त्याआधी खरिपात माळव्यातली कितीतरी काळी जमीन नुसती पडीक असायची. पिकाचं मूळ गाव चीनकडे, आणि तिकडेच त्याचा जंगली भाऊ, ग्लायसिन सोजा, अजून वेलासारखा पसरतो. दाणे बारके, काळे, शेंग वाळली की तडकून बी उडून जातं. मंडीत कोणी हात लावणार नाही! पण शेतकऱ्यांनी हजारो वर्षं निवडत निवडत जी विविधता मागे सोडली ती त्या वेलात आहे. खारी जमीन सोसणारा जीन 2014 मध्ये त्यातच सापडला, पानं पिवळी पाडणाऱ्या पिवळ्या मोझॅक रोगाचा प्रतिकारही त्यात आहे.

आता जीएमचं. दोघांची गुणसूत्रं 40च, त्यामुळे कळी उमलायच्या आत चिमट्याने पुंकेसर काढायचे, दुसऱ्याचे पराग लावायचे, झाला संकर. मागोमाग वेल, काळा दाणा, तडकणं सगळंच येतं, म्हणून पुन्हापुन्हा आपल्याच वाणाशी संकर करत जायचं. लॅबमध्ये फक्त कोवळ्या पानाचा तुकडा घेऊन बघतात हवा तो जीन आलाय का, नसेल तर रोप बाद. हे नवं खूळ नाही हो, पावसाळा सरता सरता नदीकाठ पांढरा करणारा तो कांस असतो ना, त्याच्याशी उसाचा संकर करून कोइमतूरला बार्बर आणि वेंकटरमण या ऊस-शास्त्रज्ञांनी को 205 हा वाण काढला, 1918 साली, तेव्हा जीन डीएनएचा असतो हे कोणाला माहीत होतं?

पेटंटची तुमची भीती मात्र खरी, तिथे मी तुमच्याच बाजूने भांडेन. पण सोयाबीनची सरकारी संस्था 1987 पासून इथेच इंदूरला खंडवा रोडवर आहे, ती काही कंपनी नाही. आणि सोयाबीन स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणारं, त्यामुळे असा वाण आला तरी घरचं बी राखून पेरता येईल, दरवर्षी दुकानात जायला नको. तुम्ही अजून तो जुना जेएस 335 वाणच पेरता का? मोझॅक किती येतो त्यावर, तेवढं लिहा.