लेबल बरणीच्या आत टाका हो!

किती वेळा सांगायचं? प्राण्यांचे नमुने अल्कोहोलमध्ये जपणाऱ्या म्युझियमच्या बरणीवर बाहेरून डकवलेलं लेबल पावसाळी दमटपणात सुटून पडतं, आणि आत टाकलंच तर बॉलपेनने लिहिलेलं! अल्कोहोलमध्ये ती शाई विरघळते. साधी पेन्सिल घ्या, जाड कागद घ्या. ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव लिहा. ठिकाण-तारीख नसलेला बेडूक संशोधनाच्या काय कामाचा?

आणि बरणीतल्या द्रावणाची पातळी उतरली की नळाचं पाणी ओतणं थांबवा! आधी अल्कोहोलच उडतं, म्हणजे ७० टक्क्यांचं द्रावण आधीच पातळ झालेलं. त्यात वरून पाणी, की नमुना कुजलाच. शंख-शिंपले तर फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या फॉर्माल्डिहाइडच्या द्रावणात, ठेवूच नका. ते हळूहळू आम्लधर्मी होतं आणि कवच खातं. आणि अल्कोहोल उडू नये म्हणून झाकणाच्या कडेला व्हॅसलीन लावायला दोन मिनिटं लागतात, दोनच!