पणजीच्या काळचे नाव, पणजीचे सोडून

तुमच्या घरी फ्रान्समध्ये कन्यारत्न जन्माला येणार असेल आणि तिला जुन्या वळणाचे एखादे फ्रेंच नाव, शिवाय हाक मारायला एक गोंडस लाडाचे नाव द्यावे असा तुमचा मानस असेल, तर माझा अनुभव तुमच्या उपयोगी पडेल. मी पॅरिसला बावीस वर्षे राहते, आणि गेल्या महिन्यात भाचीच्या बाळंतपणासाठी लियाँला गेले असताना डिंकाचे लाडू वळता वळता मला या शास्त्राचे संपूर्ण शिक्षण मिळाले. भाची साताऱ्याची, जावई फ्रेंच, आणि आठवा महिना लागल्यापासून त्यांच्या स्वयंपाकघरातील फळ्यावर एकोणचाळीस नावे लिहिलेली होती.

पहिली गोष्ट म्हणजे घाई करू नका. जन्माची नोंद नगरपालिकेत पाच दिवसांच्या आत करावी लागते, त्यामुळे कळा सुरू झाल्यानंतरही चर्चेला भरपूर वाव राहतो. पूर्वी ही चैन नव्हती. नेपोलियनच्या राजवटीत, 1803 साली झालेल्या कायद्याने कॅलेंडरातील संतांची आणि प्राचीन इतिहासातील व्यक्तींची नावे तेवढी ठेवता येत. 1993 च्या कायद्याने आईबापांना मोकळीक दिली, आणि थोड्याच वर्षांत ते आपापल्या पायांनी त्याच कॅलेंडरातील लुईझ, जान, सुझान आणि रोजकडे परत गेले. सक्तीने ठेवले की मागासलेपणा, हौसेने ठेवले की अभिरुची.

ज्यांना स्वतःला निवड जमत नाही, त्यांनी ती न्यायालयावर सोपवावी. उत्तर फ्रान्समधील व्हालेंसिएन येथील एका जोडप्याने मुलीचे नाव फ्रेझ, म्हणजे स्ट्रॉबेरी, असे ठेवले होते. पुढे पोरीची टिंगल होईल म्हणून न्यायाधीशांनी ते नामंजूर केले, आणि आईबापांनी त्याऐवजी फ्रेझीन हे एकोणिसाव्या शतकातले नाव घेतले. हे प्रकरण 2015 साली गाजले. इतके अस्सल जुने नाव आमच्या फळ्यावरसुद्धा नव्हते.

लाडाच्या नावाचा अर्थ आधी मुळीच पाहू नका, कारण तो नंतर कळण्यातच खरी मौज आहे. जानची जानेत करावी, तर जानेत म्हणजे बाह्यांना इस्त्री करण्याची चिंचोळी फळी निघते. क्लेमांतीनची तितीन करावी, तर तितीन म्हणजे घरातली जुनी, लाडकी, खडखडणारी मोटार. शार्लोत हे नाव तसेच ठेवावे म्हटले, तर ते एक मिष्टान्न आहे, बटाट्याची एक जात आहे आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत डोक्यावर चढवायची टोपीही आहे. एवढे करून फ्रेंच बाजू निभावली, तरी सातारा बाकीच असतो. आंद्रेचे लाडाचे रूप देदे. ते ऐकून ताईने व्हिडिओ कॉलवर विचारले, ‘‘काय देऊ?’’ फानी म्हणताच तिला फणी ऐकू आली. नाना या शब्दाचा अर्थ फ्रेंच बोलीत पोरगी असा होतो, हे भाचीच्या वडिलांना, ज्यांना अख्खी गल्ली नाना म्हणते, समजावून सांगण्याची जबाबदारी माझ्यावर टाकण्यात आली. शेवटी मार्गेरितची मार्गो या नावावर लियाँमध्ये एकमत झाले, राजघराण्यात शोभेल असे नाव सापडले म्हणून जावयांनी फळ्यावर त्याभोवती वर्तुळ काढले, आणि साताऱ्याहून निरागस प्रश्न आला की नातीला कडुनिंबाच्या साबणाचे नाव का देता आहात. फळा पुसला गेला. मी लाडवांचा पाचवा घाणा घेतला.

उच्चारचिन्हे भरपूर असलेले नाव निवडावे, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो त्या ओसीआय कार्डावर ती सगळी गळून पडतील.

पाळण्यावर टांगायची लाकडी अक्षरे नगावर विकतात, तेव्हा नाव लांब असू द्यावे.

आता सर्वांत महत्त्वाची दक्षता. घरात खरोखरच जुने नाव असलेली एखादी म्हातारी हयात असेल, तर तिच्यापासून सांभाळून राहावे. जावयांच्या आजी, म्हणजे बाळाची पणजी, एक्याण्णव वर्षांच्या आहेत आणि त्यांचे नाव जिनेत आहे. पॅरिसची रक्षणकर्ती मानलेली संत जनव्हिएव्ह हिच्या नावाचे हे लाडाचे रूप. म्हणजे जुने नाव आणि लाडाचे नाव असे दोन्ही एकाच शब्दात, घरातल्या घरात. मी ते सुचवले तेव्हा दोघेही हसले, मग मी गंभीर आहे हे लक्षात येऊन संकोचले. मला समजावण्यात आले की नाव शंभर वर्षे मुरावे लागते, की ज्या बायकांना आपण पाहिलेले नाही त्यांचीच नावे कानाला गोड लागतात, आणि जिनेत म्हटले की डोळ्यांपुढे फुलाफुलांचा घरात घालायचा झगा येतो. येणारच, त्या झग्यात त्या बाईंनी तुम्हांला कडेवर घेऊन फिरवले होते.

बरे, फ्रान्समध्ये जन्मनोंदीत एकाहून अधिक नावे लिहिता येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या जागी आजीपणजीचे नाव घालण्याचा जुना रिवाज आहे. तेवढे तरी करावे? शेवटी पहिले नाव जोसेफीन ठरले, दुसरे कोलेत. कोलेत सध्या चालते, जिनेत चालत नाही. शेपूट दोघींना एकच, पण फॅशनने एकीला आत घेतले आहे आणि एकीला दारात उभे केले आहे. लाडाचे नाव फिफी. बारशाला आत्याने बाळाच्या कानात जे ‘कुर्र’ केले, ते फ्रेंच गळ्यामुळे इतके अप्रतिम झाले की मला क्षणभर सर्वांना क्षमा करावीशी वाटली.

जिनेतबाईंना नाव कळवायचे मात्र कुणालाच सुचले नव्हते, म्हणून मी लाडू घेऊन त्यांच्या वृद्धाश्रमात गेले. नाव त्यांना आवडले. विसरायला नको म्हणून त्यांनी ते औषधाच्या खोक्यावर लिहून घेतले, आणि मग विचारले की आमच्या घराण्यात जोसेफीन कोण होती. मी काय सांगणार होते? फळ्यावर होती, असे?

बाळांनो, तुम्हांला लाज वाटायला हवी. ज्या शतकाची तुम्हांला एवढी भुरळ पडली आहे, त्याचे एक संपूर्ण माणूस तुमच्या घरापासून ट्रामच्या सात थांब्यांवर बसलेले आहे, आणि बाळ वीस दिवसांचे झाले तरी त्या माणसाला ते दाखवायला तुम्हांला सवड झालेली नाही. भिंतीवर अक्षरे ठोकायला मात्र झाली. नाव बदला असे मी म्हणत नाही, जोसेफीन चांगले आहे. येत्या रविवारी पोरीला घेऊन जा. तीन वाजता त्या झोपून उठतात, त्याआधी जाऊ नका.