कॉलेज बास्केटबॉलमधला सेंटर संपलेला नाही

सध्या एक मजकूर खूप फिरतो आहे. त्याचा सारांश असा: तीन गुणांच्या (लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्या) शॉटने सात फुटी सेंटरला, म्हणजे रिंगखाली खेळणाऱ्या उंच खेळाडूला, निवृत्त केलं. 2023 मध्ये अमेरिकेतल्या सगळ्यात बुटक्या कॉलेज संघाने पर्ड्यू विद्यापीठाला हरवून ते सिद्धही केलं. उंची शिकवता येत नाही, म्हणून प्रशिक्षक उंची बघून मुलं उचलतात आणि पुढचं काम उंचीच करते. शिवाय आता ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आहे, तेव्हा चार वर्षं कुणाला घडवत बसण्यात अर्थ नाही.

यातलं शेवटचं विधान अर्धं खरं आहे. बाकीची तपासली की टिकत नाहीत.

"तीनच्या शॉटने सेंटर संपवला." हे एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, बघून काढलेलं अनुमान आहे आणि कॉलेजचे नियम वेगळे आहेत. एनबीएमध्ये 2001-02 पासून बचावातल्या तीन सेकंदांचा नियम आहे: कुणाला प्रत्यक्ष अडवत नसाल तर पेंटमध्ये (रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात) तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. कॉलेजमध्ये हा नियमच नाही. सात फुटी मुलगा रिंगसमोर ठाण मांडून उभा राहिला तरी पंच शिट्टी वाजवत नाही. तीनची रेषा एनबीएत समोरून 23 फूट 9 इंचांवर आहे, तर पुरुषांच्या कॉलेज सामन्यांत 2019-20 पासून 22 फूट पावणेदोन इंचांवर. म्हणजे बचाव करणाऱ्यांना तेवढं कमी पसरावं लागतं आणि सेंटरच्या मदतीला धावण्याचं अंतर कमी होतं. शॉट क्लॉक (शॉट घेण्याची मुदत) 24 ऐवजी 30 सेकंदांचा. ते जादा सहा सेकंद फार कामाचे: पहिला पास आत गेला नाही तरी बॉल दुसऱ्या बाजूला फिरवून सेंटरला पुन्हा जागा घेता येते.

निकालही हेच सांगतात. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान 2021 मध्ये आयोवाच्या लुका गार्झाला (6 फूट 11 इंच), 2022 मध्ये केंटकीच्या ऑस्कर शिब्वेला (6 फूट 9 इंच) आणि 2023 व 2024 मध्ये पर्ड्यूच्या झॅक ईडीला (7 फूट 4 इंच) मिळाला. लागोपाठ चार वर्षं तो रिंगखाली खेळणाऱ्याकडेच गेला. लागोपाठ दोनदा हा मान मिळवणारा ईडीच्या आधीचा खेळाडूही सेंटरच होता: व्हर्जिनियाचा राल्फ सॅम्पसन, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला.

"बुटक्या संघाने पर्ड्यूला हरवलं." हरवलं, 63-58. फेअरली डिकिन्सन या त्या बुटक्या संघाच्या मुलांनी त्या रात्री केलेल्या कष्टांबद्दल मनापासून आदर आहे. पण ईडीने 21 गुण आणि 15 रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) घेतले होते. पर्ड्यू हरलं ते बाहेरच्या नेमबाजीमुळे: तीनचे 26 प्रयत्न, त्यातले 5 आत.

याची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. सेंटरच्या पुढे एक माणूस उभा केला आणि मागे एक ठेवला, तर मागचा माणूस एखाद्या नेमबाजाला मोकळं सोडूनच आलेला असतो. तो नेमबाज चुकत राहिला की मदतनीस आपल्या माणसाकडे परत जातच नाही. यावर दोन उपाय आहेत. एक, बॉल फ्री थ्रोच्या रेषेवरच्या सहकाऱ्याला देऊन तिथून आत टाकायचा. दुसरा, बॉल झटकन उलट्या बाजूला फिरवायचा, म्हणजे पुढे उभा असलेला बचावपटू आपोआप सेंटरच्या पाठीमागे अडकतो. दोन्ही कामं गार्डची, म्हणजे बाहेरून बॉल खेळवणाऱ्यांची, आहेत.

पुढच्या मोसमात सेंटर तोच होता, भोवतालची नेमबाजी मात्र 40 टक्क्यांच्या आसपास गेली आणि पर्ड्यू अंतिम फेरीत पोहोचलं. तिथे कनेक्टिकटने अगदी उलटा डाव टाकला. 7 फूट 2 इंचांच्या डोनोव्हन क्लिंगनला बराच वेळ एकट्यालाच ईडीसमोर ठेवलं आणि नेमबाजांना कुणी सोडलं नाही. ईडीने 37 गुण केले, पण पर्ड्यूला तीनचे जेमतेम 7 प्रयत्न मिळाले, त्यातला 1 आत गेला, आणि सामना 75-60 असा गेला. सेंटर निरुपयोगी असता तर दोन वर्षांत दोन संघांनी आपला सगळा बचाव एकाच माणसाभोवती रचला नसता. आणि तो सामना जिंकणाऱ्या संघाकडेही सात फुटी सेंटरच होता.

"काम उंचीच करते." या विधानाचा राग येतो, कारण रोज तासभर पायांवर काम करणाऱ्या मुलांची मेहनत त्यात पुसली जाते.

मुलगा निवडताना डोक्यापर्यंतच्या उंचीपेक्षा हात वर करून पोहोचणारी उंची मोजतात, कारण बॉल डोक्याने अडवत नाहीत. मग हात बघतात: धावताना आलेला वाईट पास तो एका झटक्यात पकडतो का? मग दुसरी उडी: पहिल्या रिबाउंडला चुकल्यावर पाय पुन्हा किती लवकर उचलतात? आणि कंबर: गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून खाली बसता येतं का? जो बसू शकत नाही त्याला 6 फूट 5 इंचांचा दणकट मुलगाही ढकलत बाहेर नेतो. सहा फुटांवर मिळायचा बॉल मग बारा फुटांवर मिळतो, तिथून ड्रिबल मारावा लागतो, आणि ड्रिबल पडताच दुसरा बचावपटू हात घालतो.

सगळ्यात जुना सराव म्हणजे मायकन ड्रिल. 1942 मध्ये डीपॉल विद्यापीठात आलेल्या जॉर्ज मायकनला प्रशिक्षक रे मेयर यांनी दोरीवरच्या उड्या आणि नाचाचे धडे दिले आणि हा सराव तासन् तास करून घेतला. रिंगखाली उभं राहायचं. डाव्या पायावर उडून उजव्या हाताने बोर्डवर शॉट. जाळीतून पडणारा बॉल हनुवटीखाली येऊ न देता पकडायचा, एक पाऊल डावीकडे, उजव्या पायावर उडून डाव्या हाताने शॉट. असं न थांबता. नेहमीची चूक एकच: बॉल कमरेपर्यंत खाली आणणे. कमरेशी आलेला बॉल 6 फुटी गार्डच्या हातात आयता जातो आणि एक फुटाची उंची तिथेच वाया जाते.

पिक-अँड-रोल म्हणजे एका खेळाडूने बॉलवाल्याच्या बचावपटूची वाट अडवायची आणि मग रिंगकडे धावायचं (रोल करायचं). बचावात या डावावर सेंटर मागे सरकतो, बॉलवाला आणि रोल करणारा दोघेही डोळ्यांसमोर राहतील एवढं अंतर ठेवून. फार मागे गेला तर मधल्या अंतरावरून सोपा शॉट मिळतो. कंबर आधीच वळवली तर डोक्यावरून लॉब (उंच पास) जातो. अडवताना दोन्ही हात सरळ वर आणि उडीही सरळ वर. हात मनगटभर पुढे झुकले की फाउल. पहिल्या हाफमध्ये असे दोन फाउल झाले की बहुतेक प्रशिक्षक त्याला मध्यंतरापर्यंत बाकावर बसवतात. सगळी उंची मग बाकावर.

दम आणि हाडं यांनाही वेळ लागतो. ईडी शाळेत आधी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉलकडे उशिरा वळला आणि भरतीच्या यादीत पहिल्या चारशेतही नव्हता. पर्ड्यूत पहिल्या वर्षी तो सामन्यामागे सुमारे 15 मिनिटं खेळला, दुसऱ्या वर्षी 19, तिसऱ्या वर्षी 31 च्या पुढे. पर्ड्यूचे प्रशिक्षक मॅट पेंटर यांनी दोन वर्षं त्याला रिंगखाली खेळणाऱ्या ट्रेव्हियन विल्यम्सबरोबर आलटून पालटून वापरलं. मोठ्या शरीराच्या पावलांवर उड्यांचा भार केवढा येतो, हे 2014 मध्ये कॅन्ससच्या जोएल एम्बीडच्या बाबतीत दिसलं: आधी पाठीचं, मग उजव्या पावलातल्या हाडाचं फ्रॅक्चर, आणि त्यापायी एनबीएचे पहिले दोन मोसम मैदानाबाहेर.

"पोर्टल आहे, घडवायचं कशाला?" तयार सेंटर मिळतात, हे खरं. हंटर डिकिन्सन 2023 मध्ये मिशिगनहून कॅन्ससला गेला. 2025 च्या विजेत्या फ्लोरिडाकडे रुबेन चिन्येलू वॉशिंग्टन स्टेटहून आणि मायका हँडलॉग्टन मार्शलहून आला. पण त्यांनाही आधी कुणीतरी शिकवलं होतंच. आणि त्याच फ्लोरिडाचा अ‍ॅलेक्स कॉन्डन थेट ऑस्ट्रेलियातून येऊन तिथेच घडला.

पोर्टलमधला सेंटर घेताना गुणांची सरासरी सगळ्यात शेवटी बघावी. जुन्या संघात तो पिक-अँड-रोलवर मागे सरकत होता की पुढे झेपावत होता, हे आधी बघावं, कारण पायांची ती सवय एका उन्हाळ्यात बदलत नाही. चाळीस मिनिटांमागे त्याचे फाउल किती, ते बघावं. आणि त्याला आत बॉल देणारा गार्ड त्याच्याबरोबर येतो आहे का, की तो जुन्या कॉलेजातच राहिला, हेही विचारावं.