कुलूप, शपथ आणि कॉलेजातला संयम

महाराष्ट्रात कॉलेजच्या मुलामुलींच्या वागण्यावर वाद पेटला की अमेरिकेचं नाव दोन्ही बाजू घेतात. एकीला तिथला स्वैराचार दाखवायचा असतो, दुसरीला मोकळेपणा. इथे अमेरिकेत राहून हा वाद वाचताना जाणवतं, की दोघांनाही अमेरिका भेटली आहे ती पडद्यावर. याच देशानं 'लग्नापर्यंत थांबा' हे शिकवण्यासाठी सरकारी तिजोरीतून वर्षानुवर्षं पैसा ओतला, हे फारसं कुणी सांगत नाही.

सुरुवात 1981 च्या एका कायद्यानं झाली. 1996 च्या कल्याणकारी सुधारणांच्या कायद्यानं या शिकवणीसाठी दरवर्षी 5 कोटी डॉलर बाजूला काढले. केंद्राच्या दर 4 डॉलरमागे राज्यानं आपले 3 घालायचे आणि अभ्यासक्रम आठ कलमांच्या व्याख्येत बसवायचा. लग्नाबाहेरच्या शरीरसंबंधांमुळे मानसिक आणि शारीरिक अपाय होण्याची शक्यता असते, हे त्यातलंच एक कलम. कॅलिफोर्नियानं हा पैसा घेतला नाही, बहुतेक राज्यांनी घेतला. मग संसदेनंच मागवलेल्या मूल्यमापनाचा निकाल 2007 मध्ये आला. चार कार्यक्रम निवडले होते, दोन हजारांवर मुलं होती, आणि कोणी वर्गात बसायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. काही वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांत संयम पाळणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. ज्यांचे संबंध आले होते, त्यांचं पहिल्या वेळचं सरासरी वयही दोन्हीकडे 14.9 वर्षं.

शपथेची गोष्ट याहून बोलकी आहे. 1993 मध्ये सदर्न बाप्टिस्ट या अमेरिकी ख्रिस्ती पंथाच्या चर्चांतून लग्नापर्यंत थांबण्याच्या शपथेची चळवळ निघाली: कार्डावर सही आणि पुढे बोटात अंगठी. बेअरमन आणि ब्रुकनर या समाजशास्त्रज्ञांना 2001 मध्ये आढळलं, की शपथ घेणाऱ्यांचा पहिला संबंध सरासरी दीड वर्षानं लांबला. मात्र हे शाळेत शपथवाले थोडे असतील तरच. बहुतेकांनी शपथ घेतली की परिणाम विरून जाई. 'आम्ही वेगळे' ही ओळख त्या शपथेमागचं बळ होती, आणि सगळेच वेगळे झाले की ते बळ संपतं. 2009 मध्ये संशोधक जॅनेट रोझेनबॉम यांनी शपथेआधीच घर, धर्म आणि मतं यांत एकमेकांसारखे असलेले तरुण घेऊन तुलना केली. पाच वर्षांनी शपथ घेतलेल्यांपैकी 82 टक्के म्हणाले, आम्ही अशी शपथ घेतलीच नव्हती! वागण्यात फरक नव्हता. फरक होता तो एवढाच, की शपथवाले निरोध आणि इतर गर्भनिरोधकं कमी वापरत. कारण समजायला अवघड नाही. निरोध आधीपासून जवळ ठेवला तर 'मी ठरवूनच आलो होतो' अशी कबुली होते. काही न ठेवता झालं तर 'तोल गेला' म्हणता येतं. हा हिशेब पुण्याच्या पेठेतही तसाच चालतो.

मग विद्यापीठाच्या वयात मत घडवतं काय? धर्म घडवतो, पण अर्जावर लिहिलेला नव्हे. दर आठवड्याला प्रार्थनेला जाणं आणि तिथली मित्रमंडळी यांचा परिणाम दिसतो. युटातल्या ब्रिगहॅम यंग या मॉर्मन चर्चच्या विद्यापीठाच्या आचारसंहितेत ब्रह्मचर्याची अटच आहे, आणि ती तिथे बऱ्यापैकी टिकते, कारण विद्यार्थी तो विचार घरून घेऊनच येतात. घरी आईवडील या विषयावर बोलतात का, याचाही वाटा आहे. त्यातही 'खबरदार' एवढंच ऐकलेल्या मुलात आणि कारणं ऐकलेल्या मुलात फरक पडतो.

याहून जोर असतो तो इतर काय करत असतील या अंदाजाचा, आणि तो बहुतेकदा चुकीचा असतो. अमेरिकी विद्यार्थ्यांच्या अभ्यासांत वारंवार दिसतं, की एका रात्रीपुरत्या संबंधांबाबत आपण स्वतः जेवढे निर्धास्त आहोत, त्याहून इतर सगळे जास्त निर्धास्त आहेत असं प्रत्येकाला वाटतं. मुलांनाही आणि मुलींनाही. त्यामुळे थांबणारा स्वतःला एकटा समजतो आणि गप्प बसतो, आणि तो गप्प बसल्यानं बाकीच्यांचा गैरसमज पक्का होतो. प्रत्यक्षात 1991 मध्ये इथल्या हायस्कूलच्या 54 टक्के विद्यार्थ्यांचे कधी ना कधी संबंध आले होते. 2021 मध्ये ते प्रमाण 30 टक्क्यांवर आलं. फोन हातात आला, पार्ट्या आणि दारू कमी झाली, जोड्या जुळणं लांबलं. प्रवचनांना याचं श्रेय देता येणार नाही.

आता आपल्याकडे. हा वाद आपल्याला नवा नाही. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि या कामापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गमावली. 1935 च्या डिसेंबरात वर्ध्यात संततिनियमनाच्या अमेरिकी पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर आणि गांधीजी समोरासमोर बसले. सँगर गर्भनिरोधक साधनांचा आग्रह धरत होत्या आणि गांधीजी ब्रह्मचर्याचा. म्हणजे मराठी मुलखात दोन्ही बाजू पूर्ण ताकदीनं मांडून झाल्या आहेत. त्यानंतर आपण पुढे गेलो नाही. 2007 मध्ये महाराष्ट्रानं शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला, आणि 2009 मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनंही शाळांत लैंगिक शिक्षण नको असं मत दिलं. अमेरिकेनं निदान एक बाजू तरी शिकवली. आपण कुलूप लावलं.

हे कुलूप मुलींच्या वसतिगृहाच्या गेटवर सगळ्यात स्पष्ट दिसतं. मुलीनं ठरावीक वेळेला आत यायचं, मुलांच्या वसतिगृहात तशी सक्ती क्वचितच. 2015 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांच्या खोल्यांतून सज्ञान जोडप्यांना बाहेर काढून सार्वजनिक असभ्यतेच्या कलमाखाली दंड केला गेला. बंद खोली सार्वजनिक कशी, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. सज्ञान व्यक्तींचे राजीखुशीचे विवाहपूर्व संबंध गुन्हा नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं अभिनेत्री खुशबू यांच्या 2010 च्या प्रकरणात सांगून पाच वर्षं झाली होती.

पहाऱ्यातून जे निपजतं त्याला संयम म्हणणं मला पटत नाही. अडचण व्यावहारिक आहे. जागा नाही म्हणून थांबलेला मुलगा आणि विचार करून थांबलेली मुलगी पाहणीत एकाच रकान्यात मोजले जातात. पण पहिला मुंबई सोडून शिकागोला आला आणि स्वतःची खोली मिळाली, की त्याचं मत महिन्याभरात बदलतं. ते मत नव्हतंच, परिस्थिती होती. 2023-24 मध्ये भारतातून इथे आलेले विद्यार्थी 3 लाख 31 हजारांवर होते आणि त्यांतले निम्म्याहून जास्त पदव्युत्तर शिक्षणाचे. म्हणजे बाविशी-पंचविशीची माणसं, आणि त्यांतल्या अनेकांची शरीराविषयीची माहिती दहावीच्या पुस्तकाशी थांबलेली.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा घटक मात्र इथे जवळपास नाहीच: लग्नाचा बाजार. स्थळ, जात, 'लोक काय म्हणतील', आणि हा सगळा भार मुलीच्या बाजूला. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांच्या 2006-07 च्या पाहणीत महाराष्ट्रासह सहा राज्यांत 15 ते 24 वयाच्या 15 टक्के मुलांनी आणि 4 टक्के मुलींनी विवाहपूर्व संबंध सांगितले. या दरीत दुटप्पी नैतिकता आहे आणि लपवणूकही आहे. त्या पाहणीत एक प्रश्न तोंडी न विचारता बंद पाकिटात उत्तर घेतलं होतं, ते उगाच नव्हे. भारतीय न्याय संहितेचं कलम 69 आल्यापासून, म्हणजे 1 जुलै 2024 पासून, लग्नाचं खोटं वचन देऊन ठेवलेल्या संबंधांना दहा वर्षांपर्यंत कैद आहे. फसवणुकीला शिक्षा हवीच. पण कायद्यानंही संबंधाचा अर्थ लग्नाच्या वचनाशी बांधून टाकला, आणि त्याचे पडसाद वसतिगृहातल्या गप्पांत उमटणारच.

एखाद्या कॉलेजला आपल्या विद्यार्थ्यांचं मत खरोखर जाणून घ्यायचं असेल, तर 'विवाहपूर्व संबंध योग्य की अयोग्य' एवढं विचारून भागणार नाही. 'कधीच नाही', 'गेल्या बारा महिन्यांत नाही' आणि 'पुढेही नको' हे तीन प्रश्न निरनिराळे विचारा. कृतींची नावं स्पष्ट लिहा: 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत 599 विद्यार्थ्यांपैकी 59 टक्के मुखमैथुनाला संबंध मानतच नव्हते, त्यामुळे मोघम प्रश्नाचं उत्तरही मोघमच येतं. थांबण्याचं कारण विचारा आणि यादीत 'जोडीदार नाही' व 'जागा नाही' हे पर्याय ठेवा. मुलांना मुलांबद्दल आणि मुलींना मुलींबद्दल विचारलेला तोच प्रश्न, पुन्हा उलटून विचारा. दुटप्पीपणा तिथे पकडता येतो. वर्गशिक्षक खोलीत नकोत, हजेरी क्रमांक कागदावर नको. अकरावी-बारावीला यातून वगळा. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अठराच्या आतल्या मुलाविषयी असं काही कळलं, तर कळवणं बंधनकारक आहे, म्हणजे गुप्ततेचा शब्द देऊन तो पाळता येणार नाही.

थांबणाऱ्यांनाही माहिती लागते, हा मुद्दा दोन्ही पक्ष विसरतात. एचपीव्ही या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत विषाणूवरची लस पहिल्या संबंधाआधी घेतली तर सर्वांत उपयोगी, म्हणजे ती थांबलेल्यांसाठीच आहे. पंधरा वर्षांनंतर सुरू केली तर तीन मात्रा: पहिली, एक-दोन महिन्यांनी दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक 2023 पासून मिळते. 'आमच्या मुलीला कशाला' म्हणणारे पालक नेमकी हीच वेळ घालवतात.