यादीतलं नाव

गेल्या रविवारी फोनवर दादाशी चांगलंच वाजलं. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि माणसं गेली, त्यावरून विषय निघाला. लाँचवर चढणाऱ्या प्रत्येकाचं नाव ओळखपत्र बघून नोंदवावं, एवढंच माझं म्हणणं. दादा म्हणाला, "तासाभराच्या प्रवासाला कसली ओळखपत्रं? तुझ्या कोरियात चालतं, ती माणसंच शिस्तीची. आपल्याकडे नाही जमायचं."

"आपल्याकडे नाही जमायचं" हे तीन शब्द माझ्या डोक्यात जातात.

काल मी ग्वांगजूहून छॉन्गसान्दो बेटावर आले, एकटीच. सकाळच्या बसने वान्दो बंदर, पुढे फेरीने पन्नास मिनिटं. पण धक्क्यावर पोचले तर समोरची बोटसुद्धा दिसेना, इतकं धुकं. दोन तास बसून राहिलो. एक गृहस्थ काउंटरवर जाऊन तावातावाने भांडत होते, बाकीच्यांनी किम्बाप, म्हणजे भाताचे रोल, सोडले. म्हणजे घाई यांनाही असते, आवाज यांचाही चढतो. शिस्त घेऊन कुणी जन्माला येत नाही.

रांगेत माझ्या पुढच्या मुलीच्या सॅकला पिवळी रिबन होती, सेवॉल बोटीवर गेलेल्यांच्या आठवणीची. २०१४ च्या एप्रिलमध्ये इंचॉनहून जेजूला निघालेली सेवॉलही अशीच धुक्यामुळे अडीच तास उशिरा सुटली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती इथून जवळच, जिन्दोच्या समुद्रात बुडाली. ३०४ माणसं गेली, त्यात २५० एकाच शाळेची मुलं. माल जादा भरलेला, नीट न बांधलेला. आणि बोटीवर नक्की माणसं किती, हा आकडा सरकारला पुन्हापुन्हा बदलावा लागला. ओळखपत्राची तपासणी कडक झाली ती त्यानंतर. दादा जिला शिस्त म्हणतो, तिची किंमत ही आहे. आपणही ती मोजली आहेच, मग जमायचं नाही कसं?

बोटीच्या तोंडाशी जाकीट घातलेले काका माझ्या कार्डावरचं एकेक अक्षर बोटाने तिकिटाशी ताडून बघत होते. माझं लांबलचक नाव, तरी पाच-सात सेकंद लागले असतील. आत चपला काढून गरम जमिनीवर बसले. शेजारच्या हालमोनीने, म्हणजे आजीने, विचारलं, "एकटीच आलीस?" आणि संत्रं सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

परदेशात बसून शहाणपण शिकवते, असं दादा म्हणतो. ते मला लागतं. मी रेवसची आहे, त्या खाडीचं पाणी माझ्या नाकातोंडात गेलंय. भाऊच्या धक्क्याच्या लाँचवर माझं नाव कुठल्याही यादीत नसायचं. खलाशीच हात धरून वर घ्यायचा आणि म्हणायचा, "पाटलांची धाकटी ना तू? बाबा बरे हायत ना?" या ओळखीच्या भरवशावर दादा अजून जगतो आणि माझं त्याच्याशी भांडण होतं. इथे सहा वर्षं प्रत्येक यादीत माझं नाव बिनचूक आहे. पण बाबांची चौकशी करणारं कोणी नाही.

गेल्या गणपतीत घरी गेले तेव्हा लाँचवर खलाशी नवा होता. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "सांभाळून, मॅडम." मी कोणाची ते त्याला सांगायचं होतं, पण मागे लोक खोळंबले होते.