मामा, थांबा! तो कॅमेरा हिटलरच्या फौजेचा नाही

"१९४५ साली रशियाने लायकाचा अख्खा कारखाना उचलून नेला. फेड, झोर्की त्याच मशिनांवर बनले. गरुड-स्वस्तिकवाला सोनेरी लायका दिसला तर सोडू नका, किंमत लाखांत!" हा मेसेज कधीचा फिरतोय. (लायका हा जर्मन कॅमेरा; फेड, झोर्की सोव्हिएत.) परवा असाच एक सोनेरी नग विकायला असल्याचा फोटो मामांना आला आणि त्यांचा फोन आला, "बयाणा पाठवू का रे?" मग लिहायलाच बसलो.

कारखान्याचं आधी उरकतो. लायका बनायचा वेट्झलारला, आणि युद्धानंतर ते गाव अमेरिकनांच्या ताब्यात होतं. रशियन तिथून उचलणार काय? फेड तर १९३४ पासूनच खारकीव्हला बनत होता, सोव्हिएत शिक्षणतज्ज्ञ माकारेंकोंनी बेघर मुलांसाठी चालवलेल्या कम्यूनमध्ये, म्हणजे सामूहिक वसाहतीत. लायका २ ची सहीसही नक्कल, नाही कोण म्हणतंय? पण १९४५ च्या ११ वर्षं आधीची. झोर्की १९४८ चा, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचा, फेडवरूनच काढलेला.

यंत्रसामग्री नेली हे मात्र खरं. फक्त ती लायकाची नव्हे, ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स या दुसऱ्या जर्मन कॅमेऱ्याची. तिच्यावर १९४७ पासून 'कीव्ह' हा कॅमेरा निघाला. मेसेजवाल्याने कुठली तरी अर्धी गोष्ट ऐकली आणि भलत्याच कॅमेऱ्याला चिकटवली.

आता तो सोनेरी गरुड. सोनेरी लायका होता, मान्य. १९२९ च्या सुमाराचा 'लक्झस' नावाचा, शंभरभरसुद्धा निघाले नाहीत. पण कारखान्यातून निघताना त्याला रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजून फोकस जुळवायची यंत्रणाच नव्हती! मामांना आलेल्या फोटोत रेंजफाइंडरच्या खिडक्या चक्क दिसतायत. हे असले नग म्हणजे जुने फेड-झोर्की. मूळ नाव घासून काढायचं, लायका कोरायचं, सोनेरी मुलामा द्यायचा, वर गरुड ठोकायचा. कोणी बर्लिन ऑलिंपिक कोरतो, कोणी लुफ्तवाफे, म्हणजे हिटलरचं हवाई दल.

ओळखायला तज्ज्ञ नको. लेन्स फिरवून काढा आणि आत वरच्या बाजूला बघा. लेन्सच्या मागच्या कडेला टेकणारा एक दांडा दिसेल. अस्सल लायकात त्याच्या टोकाला गोल फिरणारं चाक असतं. फेड-झोर्कीत तिथे पाचरीसारखी चपटी जीभ असते. वरचं कोरीवकाम कोणीही बदलतो, हे बदलायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.

मामांनी तसा फोटो मागवला. जीभच निघाली. आता म्हणतात, "दिसायला झकास आहे रे." मग घ्या, पण झोर्कीच्या भावात. आणि लेन्स काढलीच आहे तर शटरच्या पडद्यावर बॅटरी मारून बघा, रबराचा थर वाळला की कापडाला टाचणीएवढी भोकं पडतात.